माझा नंबर शेवटी

आमच्या घरात आधी कोणाचा नंबर लावायचा हे ठरवायचा अधिकार मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मिळाला, आणि तो मी पहिल्याच दिवशी देऊन टाकला. अधिकार एका पांढऱ्या डबीत होता. डबीला दोन अँटेना होत्या, पुढे बारीक हिरवे दिवे होते, आणि भाचीनं ती जर्मनीहून येताना स्वेटरच्या घडीत गुंडाळून आणली होती. चॉकलेटं आणली असती तर गल्लीत वाटून मोकळी झाले असते. राउटर कोणाला वाटणार? तो माझ्या टेबलावरच राहिला.

ही दोन हजार आठच्या सुमाराची गोष्ट. मंगळवार पेठेत वरच्या मजल्यावर माझ्या तीन खोल्या. खाली दोन बिऱ्हाडं होती. पुढच्या भागात एक दुकानदार कुटुंब, गडहिंग्लजच्या पलीकडचं, घरात कानडी बोलणारं. मागच्या खोलीत नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली. दुकानदाराची बायको मला अक्का म्हणायची, मुली मावशी म्हणायच्या. मी टेलिफोन खात्यातून मुदतीआधी निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आणि भाची तिकडे गेल्यापासून त्या तीन खोल्यांत एकटी. मला एकटं वाटायचं. हे इतकं सरळ वाक्य मी त्या काळात कोणाजवळ बोलले नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, छे, मला कुठे वेळ आहे! वेळ तर ढीगभर होता. सकाळी नऊला स्वयंपाक, भांडी, कपडे सगळं उरकलेलं असायचं. मग पेपरातल्या निविदासुद्धा वाचायची.

भाची म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिच्या वडलांनी वर्षभरात दुसरं लग्न केलं, त्यांचा राग मी पुष्कळ वर्षं पुरवून पुरवून केला, पण खरं सांगायचं तर त्यामुळेच पोर मला मिळाली. तिची शाळा, तिची गोवर-कांजिण्यांची आजारपणं, गणितातले तिचे पराक्रम, कॉलेज, नोकरी आणि शेवटी लग्न, सगळं याच घरात झालं. लग्नानंतर सहा महिन्यांत नवऱ्याबरोबर ती जर्मनीला गेली. जाताना तिनं मला कॉम्प्युटर घेऊन दिला, त्याच्या डोक्यावर कॅमेरा बसवला, आणि ठरवून टाकलं की दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता आपण बोलायचं. तिच्याकडे तेव्हा दुपार असायची. जेवण उरकून ती निवांत बसायची.

त्या सहा वाजण्यावर माझा अख्खा आठवडा उभा होता. सोमवारपासून मी काय काय सांगायचं ते मनात जमवत राहायची. खालच्या मुलींनी दूध उतू घालवलं, गल्लीतल्या तालमीनं नवा मंडप घातला, भाजीवाली मला "पावणं" म्हणाली, जन्म गेला माझा या पेठेत आणि मी पावणं! असलं सगळं. शनिवारी केस धुवायचे. रविवारी पाचला चांगली साडी नेसून खुर्चीत बसायचं. कॅमेऱ्यात मी कमरेच्या वरच दिसायची, तरी साडीच्या निऱ्या मी नीट घालायची.

इंटरनेट घरात आलं तसं खालच्यांनीही मागितलं. मी वायर सोडली. नाही कशाला म्हणायचं? पण मग रविवारी संध्याकाळी खाली सिनेमे उतरवायला सुरुवात झाली, की वर भाचीचं तोंड वाकडं व्हायचं. अक्षरशः वाकडं. एक डोळा इकडे, हनुवटी तिकडे, मधे चौकोन. "मावशी, तुझा आवाज तुटतोय," ती म्हणायची, आणि मला ऐकू यायचं ते नुसतं "मा... टतो." म्हणून दिवाळीला ती आली ती ही डबी घेऊनच.

चार दिवसांच्या रजेत तिला सासरी नाशिकला जायचं होतं, मैत्रिणींना भेटायचं होतं, दागिने लॉकरमधून काढून परत ठेवायचे होते. राउटर जोडायला मुहूर्त लागला तो अगदी निघायच्या सकाळी. खाली गाडी हॉर्न देतेय आणि ही माझ्या कॉम्प्युटरवर भराभर काहीतरी उघडतेय. "हे बघ मावशी, या पानावर घरातली सगळी मशीनं दिसतात. प्रत्येकाला नंबर द्यायचा. हायेस्ट, हाय, नॉर्मल, लो. ज्याचा नंबर वर त्याचं आधी जाणार. खाली कोणी काही उतरवत असलं तरी अडणार नाही. आता एवढंच लाव, काय? कळलं ना?" मी म्हटलं, "मला शिकवतेस? अठरा वर्षं ट्रंक बोर्डावर काढलीत मी." ती हसली, माझ्या पाया पडली आणि गेली. कोणाचं नाव वर टाकायचं ते तिनं सांगितलं नाही. ते काय सांगायला हवं, असं तिला वाटलं असणार.

आता ट्रंक बोर्ड म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथून आला. डायल केला की परगावी फोन लागतो, हे सगळीकडे व्हायच्या आधी लोक एक्स्चेंजला फोन करून कॉल बुक करायचे. आम्ही बायका कानाला हेडफोन लावून लांबलचक बोर्डापुढे बसायचो. प्रत्येक कॉलची एक चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन दर्जे: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. कोणी वारलं, कोणाचा अपघात झाला, की लाइटनिंग. तो आला की बाकी सगळ्यांना बाजूला सारून आम्ही तो आधी जोडायचो. लग्न ठरलं, पोरगं झालं हे अर्जंट. तब्येतपाणी ऑर्डिनरी. मी आवाजावरून ओळखायची की हा माणूस ऑर्डिनरी म्हणतोय खरा, पण त्याच्या घरी काहीतरी बिनसलंय.

आणि एक नियम कुठल्याच कागदावर नव्हता, पण आम्ही तो पाळायचो. ऑपरेटरचा स्वतःचा कॉल सगळ्यात शेवटी. आमची सुपरवायझर नव्या मुलीला पहिल्या दिवशीच बजावायची, "लाइन तुझ्या हातात आहे, म्हणून ती तुझी नाही." लोक तासन्‌तास फोनपाशी बसून आहेत आणि आपण मधेच आपल्या आईशी गप्पा मारायच्या, ही आमच्यात चोरीच होती. घरात तरी वेगळं काय होतं? पंगतीला आधी पाहुणे, मग घरचे पुरुष, मग पोरं, आणि सगळ्यांत शेवटी वाढणाऱ्या बाया. मला दोन्हीकडे एकच शिकवण मिळाली, त्यामुळे ती पक्की झाली.

या शिकवणीनं माझं नुकसान केलं असं मला कधी वाटलं नव्हतं. उलट एकदा तिनंच माझी लाज राखली होती. नव्वद साल असेल. बहीण तिच्या सासरगावी, सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या ठिकाणी, सरकारी दवाखान्यात होती. तिचं आता काही खरं नाही हे मला कळलं होतं. तिकडे डायल करून फोन लागत नव्हता. मी दुपारी बोर्डावर बसले आणि माझी चिठ्ठी ऑर्डिनरीच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवली. शेजारची म्हणाली, "अगं, लाइटनिंग लाव. कोण विचारतंय?" मी लावलं नाही. हट्टच म्हणा. चार तास मी लोकांचे कॉल जोडत राहिले. कांद्याचा भाव, एसटीची वेळ, कोणाच्या साखरपुड्याचं जेवण. संध्याकाळी माझी चिठ्ठी वर आली. तिकडे डॉक्टरांच्या टेबलावरचा फोन वायर ताणून खाटेपर्यंत नेला होता. आणि एका कॉलची ठरलेली तीन मिनिटं मला पूर्ण मिळाली. ना खरखर, ना तिसऱ्याच कोणाचं बोलणं. बहीण स्वच्छ बोलली. "पोरीला तू ने," म्हणाली. "तिला वांगं आवडत नाही. बळजबरी करू नको." मग पुन्हा म्हणाली, "तू ने तिला." तीन मिनिटं संपल्याचा ठोका मीच ऐकला आणि मीच बोर्डातली कॉर्ड काढून लाइन तोडली. ती पुढच्या गुरुवारी गेली.

तेव्हापासून माझी समजूत अशी की शेवटी बसलं तरी काही बिघडत नाही. नंबर उशिरा लागतो, पण लागला की तो आपला असतो.

म्हणून भाची गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, अंघोळ करून, चष्मा पुसून मी राउटरच्या पानावर बसले. मशीनं तिथं आकड्यांनी आणि अक्षरांनी दिसत होती. भाचीनं कागदावर लिहून ठेवलं होतं कुठलं कोणाचं ते. मी इंग्रजी अक्षरांत नावं टाकली: "khali", "muli" आणि "mi". यादीत चौथी एक ओळ होती, यादीत नसलेलं नवं मशीन कोणी आणलं तर त्याला काय द्यायचं? मी त्याला नाव दिलं "pavne". खाली दुकानदाराकडे रविवारी पाहुण्यांचा राबता असायचा. कोणाचा मेहुणा लॅपटॉप घेऊन आला आणि आपल्या घरात त्याचं अडलं, तर बरं दिसतं का? पाहुण्यांना हायेस्ट दिलं. खालच्यांना हाय. मुलींना परीक्षा असतात, म्हणून त्यांना नॉर्मल. आणि मला लो. जतन करायचं बटण दाबलं आणि मला फार बरं वाटलं. बऱ्याच वर्षांनी कोणाचा नंबर कधी हे मी ठरवत होते.

पुढच्या रविवारी भाचीनं विचारलं, "लावलंस ना ते?" मी म्हटलं, "लावलं." एवढंच. तिनंही पुढे विचारलं नाही.

खालच्यांची चंगळ झाली. दुकानदाराची बायको जिन्यातून ओरडून सांगायची, "अक्का, तुमच्या नेटला तोड न्हाय बघा! आमचं भाऊजी म्हणत्यात, हितं आलं की पुण्यापेक्षा जोरात पळतंय." मला बरं वाटायचं. पाहुणे तृप्त होऊन गेले की बाईला बरं वाटतं तसं.

वर माझ्याकडे मात्र दशा आणखी वाईट. आधी भाचीचं तोंड वाकडं व्हायचं, आता ते थांबूनच राहायला लागलं. तोंड उघडं, हात हवेत, आणि तशीच ती दीड-दोन मिनिटं. मी आपली त्या थांबलेल्या तोंडाशी बोलत राहायची, कदाचित माझं तिकडे पोचत असेल म्हणून. मग एकदम ती हलायची आणि म्हणायची, "मावशी, मी मघापासून हॅलो हॅलो करतेय." म्हणजे माझी सगळी हकिगत हवेत गेलेली. दुधाची, मंडपाची, भाजीवालीची. पुन्हा सांगायला घेतली की पहिल्यासारखी रंगायची नाही. चिडचिड व्हायची. ती तिकडे चिडायची, मी इकडे, आणि दोघीही म्हणायचो, मी कुठे चिडलेय?

पाऊण तासाचा कॉल वीस मिनिटांवर आला, वीसचा दहावर. "राहू दे मावशी, फोन करते बुधवारी," ती म्हणायची आणि बुधवारी बसमधून फोन करायची, घाईत, उतरायचा थांबा येईपर्यंत. रविवारचं सहा वाजणं तिनं मोडलं नाही, एवढं खरं. पण सहाला लागलेला कॉल सहा वाजून सात मिनिटांनी संपायचा. मग मी चांगल्या साडीत तशीच बसून राहायची. साडी सोडायची म्हणजे रविवार संपला असं कबूल करायचं. सातपर्यंत ते माझ्यानं व्हायचं नाही.

असं दीड वर्ष चाललं. दीड वर्ष! मी लाइनवर राग काढला, हवेवर काढला, कॉम्प्युटरवर काढला, एकदा जर्मनीवरही काढला. माझ्या यादीवर मात्र कधी संशय आला नाही. आपण चांगुलपणानं केलेल्या गोष्टीवर आपला फार विश्वास असतो.

शेवटी मी आमच्या एका जुन्या लाइनमनला बोलावलं. माझ्याच वयाचा, रिटायर व्हायला आलेला. बोर्डावर असताना वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांना फक्त आवाजानं ओळखायचो, तो खांबावरून टेस्टिंगला बोलायचा आणि मी आतून. तो आला, चहा प्याला, टेलिफोनची वायर उघडून मीटर लावला आणि म्हणाला, "ताई, लाइन येकदम सोन्यासारखी हाय की. काय बी दोष न्हाय हिच्यात. तुमचं ह्ये डबडं काय म्हणतंय बघू."

मी मोठ्या तोऱ्यात ते पान उघडून दाखवलं. त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला, यादी वाचली, पुन्हा वाचली, आणि खो खो हसत सुटला.

"आवो ताई, ह्ये काय केलंयसा? पावण्यांचा पयला नंबर?"

"मग? पाहुण्यांना काय शेवटी बसवायचं?"

"आन् सोताला शेवटी घातलंय!"

"घरचं माणूस शेवटीच. आपल्या बोर्डावर काय पद्धत होती? थोडं थांबायचं, नंबर लागतोच."

तो हसायचा थांबला. मला वाटतं, त्याला माझी चूक तेव्हा पूर्ण दिसली, माझ्या आधी. खुर्ची पुढे ओढून तो हळू बोलायला लागला. "ताई, ही ट्रंक न्हाय. ट्रंकला येकदा नंबर लागला की तीन मिनिटं लाइन तुमची. मधी कोण बी येत न्हवतं. हितं तसं न्हाय. हितं नंबर दर घडीला लागतोय, येका सेकंदात पन्नास-शंभरदा. दर वक्ताला आधी पावणं, मग खालचं, मग पोरी, आन् त्यातनं उरलं तर तुमी. खालचा पिच्चर उतरायचा थांबला तर थांबू दे की, अर्ध्या तासानं उतरंल. तोंडातनं निघालेला शब्द कसा थांबंल? त्यो गेला म्हंजे गेलाच."

मला हे कळायला दुसरं काही ऐकायला लागलं नाही. तीन मिनिटं कोणी दिली होती मला? बोर्डानं दिली होती, शेवटच्या नंबरानं नव्हे. एवढी साधी गोष्ट, आणि जिनं अठरा वर्षं तेच काम केलं तिला ती दिसली नव्हती. मी दर रविवारी साडी नेसून बसत होते आणि माझाच हात माझी कॉर्ड ओढत होता. मला रडू आलं नाही, राग आला. माझा मला इतका राग आला की मी लाइनमनलाच झापलं, "मग आधी का नाही आलात?"

"आधी बोलावलंच न्हाय की तुमी," तो म्हणाला. तेही खरंच होतं.

त्याच्यासमोर मी यादी बदलली. "mi" समोर हायेस्ट टाकताना मला चोरी केल्यासारखं वाटलं. बाकी सगळ्यांना नॉर्मल, पाहुण्यांना लो. लाइनमन म्हणाला, "आता बघा, मुंबईच्या साहेबावानी बोलशीला." तो गेल्यावर मी दोनदा पान उघडून बघितलं, माझं नाव वरच आहे ना म्हणून.

तो रविवार मला मिनिटामिनिटानं आठवतो. पेठेच्या टीमचा फुटबॉलचा सामना होता आणि जिंकून आलेली मंडळी पाच वाजल्यापासून गल्लीत हलगी वाजवत होती. मी खिडक्या लावून घेतल्या. सहाला घंटी वाजली, मी बटण दाबलं आणि भाची समोर आली.

अशी मी तिला दीड वर्षात बघितली नव्हती. सबंध चेहरा. भुवया, नाकातली चमकी, डाव्या गालावरचा कांजिण्यांचा वण, जो पडला तेव्हा मीच तिचे हात धरून बसले होते.

"मावशी! अगं, किती स्वच्छ दिसतेस तू! नवी लाइन घेतलीस का?"

"तसंच काहीतरी," मी म्हणाले. "केस कापलेस?"

"चार महिने झाले की."

चार महिने. चौकोनांत मला ते दिसलेच नव्हते. पण मी तिथं अडून बसले नाही. मी बोलत सुटले. लाइनमनची नक्कल केली, ती पोट धरून हसली. माझी यादी मात्र सांगितली नाही, लाज वाटली. खालच्या एका मुलीचं लग्न ठरलं ते सांगितलं, मुलाचं नाक कसं आहे तेही सांगितलं. ती तिच्या ऑफिसचं सांगत होती, मधेच तोंडावर हात ठेवून हसत होती, आणि तिचं हसू तिच्या तोंडावर असतानाच माझ्यापर्यंत पोचत होतं. बारा-तेरा मिनिटं झाली असतील. मला वाटलं, मिळालं. उशिरा का होईना, माझं मला परत मिळालं.

तेवढ्यात तिच्याकडचा फोन वाजला.

तिनं फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे. तिचा चेहरा इतका स्पष्ट दिसत होता की तिला काय बोलायचंय ते तिनं तोंड उघडण्याआधीच मला कळलं.

"सासूबाई," ती म्हणाली. "मावशी, त्या रविवारी याच वेळेला करतात आता. आपलं तुटायचं ना सारखं. सहा वाजून सात मिनिटांनी संपायचंच. मग मी नुसती बसून राहायची, फार कसंतरी वाटायचं. म्हणून सव्वासहाची वेळ मीच त्यांना दिली. वर्ष झालं त्याला."

फोन वाजत होता.

"त्यांचं जरा लांबतं. मी त्यांना पुढच्या वेळेपासून उशिरा करायला सांगू का? पण त्या आठला जेवायला बसतात, आणि मग..." तिला अवघड झालं होतं. लहानपणी वांगं पानात उरलं की व्हायचं तसं.

"उचल आधी," मी म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला ताटकळत ठेवू नये."

"तू थांबशील?"

"थांबते की. मला काय काम आहे?"

ती फोन घेऊन उठली आणि कॅमेऱ्यातून बाहेर गेली. समोर तिची खुर्ची राहिली. खुर्चीच्या पाठीवर तांबडा स्वेटर होता, त्याचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं. मागे खिडकी, खिडकीत कोथिंबिरीची कुंडी, बाहेर उजेड. सगळं इतकं नितळ की कुंडीतली पानं मोजावीत. दुसऱ्या खोलीतून तिचं बोलणं येत होतं. शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता, लाडाचा, सैल, कुठली घाई नसलेला. मधेच ती मोठ्यानं हसली आणि म्हणाली, "नाही हो आई!" तेवढं स्पष्ट ऐकू आलं. ती माझ्याकडे आल्यापासून हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

मला वाईट वाटलं. सासूबाईंचा राग आला असं म्हणायला मी तयार होते, पण तो येईना. त्या बाईनं माझं काही घेतलं नव्हतं. मी उठून गेले होते आणि त्या रिकाम्या जागी येऊन बसल्या होत्या. वर्षभर त्यांना ती जागा मोकळीच मिळाली होती. भाचीचंही काय चुकलं? तुटक्या आवाजाशी माणूस किती दिवस बोलणार? राउटरच्या पानावर मी माझं नाव एका दुपारी वर नेलं. हिच्या रविवारात ते कसं वर न्यायचं ते मला ठाऊक नव्हतं, आणि तिला विचारायची माझी हिंमत नव्हती.

साडेसहा झाले, पावणेसात झाले. मी बसले होते. कॉल बंद करावा असं मनात आलं, पण ती परत आली आणि मी नसले तर? आता एवढी चांगली लागलीय लाइन, तर राहू दे, असं म्हणत मी खुर्चीकडे बघत राहिले.

जिन्यात पावलं वाजली आणि दार ढकलून दुकानदाराची बायको आत आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. ही बाई हळू बोलली तरी चौकात ऐकू जायचं.

"अक्का, काय झालंय ओ नेटला? खालचं समदं थटून बसलंय. आमचं पावणं आल्यात हुबळीचं, त्येस्नी रेल्वेचं तिकीट काढायचं हाय, पान फिरतंय आन् फिरतंय. पयलं कसं पळत हुतं! जरा तुमचं बंद करता काय धा मिनिटं?"

आयुष्यभर मी या प्रश्नाला हो म्हणत आले होते. तोंडातून ते निघालंच होतं.

"नाही," मी म्हणाले. "माझा कॉल चालू आहे."

तिनं माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघितलं. तिथं तांबडा स्वेटर टाकलेली रिकामी खुर्ची होती. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या चांगल्या साडीकडे बघितलं, आणि परत त्या खुर्चीकडे. मी मान वळवली नाही.

"व्हय," ती इतक्या हळू म्हणाली की मला नीट ऐकू आलं नाही. "चालू दे."

मग दार लोटून घेऊन ती पाहुण्यांना सांगायला खाली गेली.